शिक्क्यामागचा काळा चौकोन

हिंगोलीच्या एका ओळखपत्र कक्षात कंत्राटी प्रोग्रामर म्हणून लागलेल्या प्रतिक्षाने ज्येष्ठांची कार्डं सर्व्हरवरून आपोआप तयार व्हायची सोय केली. पहिलंच कार्ड निघालं तिच्या आत्याचं. पुसेगावच्या अनुसयाबाईंचे मोतीबिंदू पिकले होते, आणि औंढ्याच्या शिबिरात ऑपरेशन व्हायचं तर हे कार्ड हवंच होतं. कार्डावर नाव होतं, गाव होतं, आणि चेहऱ्याच्या जागी गोल शिक्का असलेला काळाकुट्ट चौकोन.

चूक प्रतिक्षाचीच, उगाच सरकारला नावं ठेवायला नकोत. कक्षाच्या साहेबांना शिक्का फोटोवरच आणि फोटोएवढाच हवा होता. शिक्क्याच्या रेघा सोडून बाकी भागातून खालचं आरपार दिसावं, असाच तो बनवलेला. पण त्याचा आकार बदलताना कोड एक नवा कोरा चौकोन घेतं, आणि तो कोरा चौकोन काळा असतो. आरपार ठेव, असं त्याला दोन ओळींत बजावावं लागतं. त्या ओळी पोरगी विसरली. तिने नंतर कबूलही केलं. साहेबांनी कार्ड उजेडात धरलं, ‘शिक्का सुस्पष्ट आहे’ असा शेरा मारला, आणि जिल्हाभराची कार्डं छापून गेली.

शिबिराच्या दारात पडताळणीला देविदास नावाचा बाबू होता. नियम एकच, चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. आता बोला! एकही म्हातारं माणूस जुळेना. शेवटी कक्षाकडून मार्गदर्शनाचं परिपत्रक आलं की, कार्डात बदल करणे शक्य नसल्याने लाभार्थ्यांनी चेहऱ्यात योग्य तो बदल करावा. मग काय, समोरच्या चाँद पाशाच्या दुकानातल्या काळ्या छत्र्या हां हां म्हणता संपल्या. एकेक जण तोंडासमोर छत्री उघडून उभा राही. देविदास कार्ड बघे, छत्री बघे आणि ‘बराबर’ म्हणून आत सोडे.

प्रतिक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्या दोन ओळी घातल्या आणि आत्याचं नवं कार्ड काढलं. शिक्क्याच्या रेघांमागून आत्या कपाळावरच्या गोंदणासकट लख्ख दिसत होती. आत्याचा हात धरून ती देविदाससमोर उभी राहिली.

“हे बनावट हाये,” देविदास म्हणाला. “यात चेहरा दिसून राहिला.”

“तो यांचाच आहे ना, भाऊ. बघा की.”

“म्हणून तर संशय येतो. खऱ्या कार्डावर कुणाचाच दिसत न्हाई.”

त्याचं तरी काय चुकलं? तसं परिपत्रकच निघालं होतं. आणि शिबिराचा शेवटचा दिवस होता. प्रतिक्षाने मुकाट्याने लॅपटॉप उघडला, दोन ओळी पुसल्या, काळं कार्ड काढलं आणि बाहेर पडणाऱ्या एका आजोबांची छत्री मागून घेतली. अनुसयाबाई आत गेल्या.

पट्टी निघाली तशा त्या भाचीकडे बघून रडल्या. मग कार्ड मागून घेतलं, उलटसुलट न्याहाळलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मला दिसत नव्हतं, ते ठीक. पण तो बाबू, तुमचे साहेब, तू, तुमी तर सारे डोळ्यांनी धड. कुणीच काहून बोललं न्हाई?”

शेजारच्या खाटांवरची माणसं आपापली कार्डं उशीखाली सरकवू लागली. प्रतिक्षाने इकडेतिकडे पाहिलं.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “आपलं काम झालं ना?”

तिला खुशाल नावं ठेवा. पण खरं सांगा, अनुसयाबाई आत गेल्या तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलंच की.