चकती काढली की अडतीस

"डायचे दोन संच कशाला लागतात? अडाण्यांना लागतात!" घरच्या घरी काडतुसं भरायच्या यंत्रात डाय, म्हणजे साचा, बसवत थर्मनने गॅरेजमध्ये जाहीर केलं. "अडतीस आणि मॅग्नम ही काडतुसं म्हणजे सख्खे भाऊ. कंबर तीच, मॅग्नम फक्त जरा उंच. डायखाली ही चकती घातली की मॅग्नम, काढली की अडतीस. झालं!"

"आणि काढायची विसरलास तर?" बायकोने, आर्डिथने विचारलं.

"मी? आणि विसरेन?"

शनिवारी त्याने भरून दिलेली अडतीसची पन्नास काडतुसं, आजीचं जुनं रिव्हॉल्व्हर आणि खायला हकलबेरी फळांची गोड पाय-पेस्ट्री घेऊन आर्डिथ नेमबाजीच्या स्पर्धेला गेलीसुद्धा. थर्मन शीळ घालत गॅरेज आवरायला लागला. पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणाऱ्या शेवटच्या डायवरून फडकं फिरवलं आणि शीळ ओठांवरच वाळली.

चकती डायखाली तशीच होती!

म्हणजे बंदुकीच्या दारूचं मापही मॅग्नमचंच राहिलं असलं तर? थोरल्याची दारू धाकट्याच्या पोटात! आजीचं रिव्हॉल्व्हर मक्याच्या लाहीसारखं फुटणार, तेही आर्डिथच्या हातात!

त्याने फोन लावला. तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला.

एका पायात बूट, दुसऱ्यात सपात! थर्मनने पिकअप पळवली. नेमबाजीची रेंज जवळ आली. धाड! धाड! प्रत्येक आवाजाला तो एकेकदा मरत होता.

"थांबा! सगळे थांबा!"

रेंज सांभाळणाऱ्या बर्निसबाईंनी करकचून शिट्टी मारली. "काय रे, आग लागली?"

"आर्डिथ कुठाय? हात आहेत ना तिला?"

"माझी पाळी यायचीय अजून," मागून भरल्या तोंडाने आर्डिथ म्हणाली. थर्मनने तिची बोटं मोजली. दहा! मग दोनदा मोजली.

रडवेल्या आवाजात त्याने सगळं सांगितलं. लोक चार पावलं मागे सरले. बर्निसबाईंनी एक काडतूस चिमटीत धरलं. चकतीमुळे न आवळलेली गोळी हलत्या दातासारखी अलगद निघाली. पुंगळी तळहातावर उलटी केली.

काहीच पडलं नाही. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. सगळी रिकामी!

"थर्मन, दारू कुठाय?"

"भरणारच होतो... तेवढ्यात आपल्या डेल्मारचा फोन आला."

"काय म्हणत होता?" आर्डिथने विचारलं.

"डायचे दोन संच घ्यावेत का, विचारत होता. अर्धा तास समजावलं त्याला."

"मग लाव त्याला फोन. सांग, दोन घे म्हणून!"

थर्मनने खिसे चाचपले. फोन गॅरेजमध्येच राहिला होता, चकतीशेजारी!