चार उलटे गिअर

जुनी गाडी नावावर करायची तर मागच्या मालकांचे ना हरकत दाखले लागतात, आणि ते आणायला गाडी रिव्हर्समध्येच न्यावी लागते. दर गिअरला एकेक मालक मागे.

बाकीच्या गाड्यांना रिव्हर्स एकच असतो. ऋजुता चौगुलेची गाडी मात्र १९३८ची, फ्रान्समध्ये घडलेली, उघड्या टपाची. तिचे गिअर विद्युतचुंबकांवर बदलत, आणि पायाशी असलेली दांडी मागे ओढली की पुढचे चारही गिअर उलटे चालत. म्हणून वाहन नोंदणी कार्यालयातल्या बुगडेंनी तिच्याकडे चार दाखले मागितले.

"पाचच्या आत आणा. नाहीतर उद्या भंगारात जमा."

ऋजुताने तीन वर्षं खपून ती गाडी उभी केली होती. तिने दांडी ओढली. डोळे बॅटरीच्या सुईवर होते. बॅटरी उतरली की चुंबकं सुटणार, आणि ती ज्या सालात असेल तिथेच राहणार.

पहिल्या गिअरला मिरजेचे तात्या भेटले, हातात अंड्यांची पाटी.

"माझा पांढरा रंग कुठं गेला?"

"खरवडला. मला खालचा मूळ निळा हवा होता."

"मूळ म्हंजे? वीस वर्षं माझ्या कोंबड्या निजल्या हिच्यात. ती गाडी खोटी व्हती काय?"

"सही करा ना तात्या, उशीर होतोय."

तात्यांनी केली. दुसऱ्या गिअरला बँडवाल्याने लाल रंगाची चौकशी केली, तिसऱ्याला डॉक्टरांनी काळ्याची. दोघांनाही तिने तेच उत्तर दिलं. सुई निम्म्याखाली आली.

चौथ्याला बाईसाहेब होत्या. गाडी पॅरिसहून त्यांनीच मागवलेली. निळा रंग पाहून त्या हसल्या, मग दाखला वाचू लागल्या.

"म्हणजे मी ही विकते?"

"हो."

"का गं?"

"दाखल्यावर कारणाचा रकाना नाही, बाईसाहेब."

बाईसाहेबांनी सावकाश सही केली. दांडी पुढे ढकलून ऋजुता आपल्या सालात परतली.

पाचला दहा मिनिटं असताना बुगडेंनी शिक्का मारला. ऋजुता बाहेर आली. इतक्यात फाटकातून एक पिवळी गाडी उलटी आली आणि तिच्या निळ्या गाडीशेजारी थांबली. दोन्ही गाड्या एकच होत्या. चाळिशीतला एक माणूस उतरला.

"ऋजुताताई ना? माझ्या पहिल्या गिअरला तुम्ही."

त्याने पुढे केलेला कागद तिने दोनदा वाचला.

"मी ही विकणार नाहीये."

"बरोबर. अजून नाही विकलीत."

"का विकते मी?"

"रकाना नाही, ताई."

तिने पिवळ्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "निळा?"

"खाली आहे. मी खरवडला नाही."

आत त्याची सुई लाल खुणेवर थरथरत होती.

"सही करा ना ताई, उशीर होतोय."

ऋजुताने पेन मागितलं.