नवऱ्यांचं खातं

"दोष माझ्यात. बसा, चहा घेणार?"

अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची तात्यांची ही पद्धत. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याची पायरी एखादा नवरा मान खाली घालून चढला, की पडवीतल्या बाकावरून तात्या हे वाक्य त्याच्या अंगावर टाकत. ऐकणाऱ्याला वाटायचं, या गृहस्थांनी येताना आपल्या सायकलला धडक दिली असावी.

खुलासा चहाबरोबर यायचा. तात्या हे डॉक्टरबाईंचे यजमान. लग्नाला वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "बायको बायकांची डॉक्टर आणि घरात पाळणा नाही, म्हणून लोक कुजबुजतात. मी आपला सांगून टाकतो. दोष माझ्यात. साखर दोन चमचे चालेल?" ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत पुरुषानं असं बोलणं म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यासारखं होतं. तात्या ते रोज संध्याकाळी करत.

दिवसा ते भाट्याच्या सरकारी बागेत नारळांवर प्रयोग करायच्या कामावर असत. एका माडाचे पराग काढायचे, दुसऱ्याच्या फुलांवर घालायचे. विचारलं तर सांगत, "माडांची लग्नं लावतो." काम सुटलं की खाकी अर्धी चड्डी तशीच, सायकल दामटत दवाखान्यात. "बायका तिच्या. नवऱ्यांचं खातं माझं."

मी त्या पडवीत पहिल्यांदा गेले ती सासूबाईंच्या मागून. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. हेदवीच्या गणपतीला नवस बोलून झाला होता, अंगारे लावून झाले होते आणि एका वैदूचा काढा पिऊन झाला होता, तो आठवला की अजून माझी जीभ आत जाते. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला. सासूबाईंनी मला शेवटचं सांगून टाकलं होतं, "येत्या शिमग्यापर्यंत बघतंय. नायतर माझ्या भावाची पोरगी हाय." ही धमकी नव्हती. त्यांनी भावाला निरोपही धाडला होता.

आत गेल्यावर माझ्या पोटाची हकीकत सासूबाईच सांगू लागल्या. डॉक्टरबाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "आई, तुम्ही पडवीत बसा हो. जिचं पोट तिच्या तोंडून ऐकते."

मग खुर्ची माझ्या शेजारी ओढून म्हणाल्या, "आता तू सांग. तुला काय हवंय?"

हे मला पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी आधी रडून घेतलं. मग म्हटलं, "मूल हवंय. पण कुणाच्या धाकानं नको."

त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. कुठली तपासणी दुखते, कुठली नाही, कशाचं उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. "कुठंही नको वाटलं तर सांग, तिथं थांबू. माझी अट एकच. यजमानांना घेऊन ये. पहिली तपासणी त्यांची. ती सोपी असते, म्हणून तर कुणी करत नाही."

बाहेर तात्यांनी सासूबाईंच्या हातात कप दिला होता. "मुलगा घरी किती दिवस असतो, आजी?"

"गणपतीत येतो, शिमग्याला येतो. नोकरी हाय ना."

तात्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. "माडाची पोय बघितलीत ना? फुलांचा तुरा हो. एकाच पोयीवर नर फुलं असतात नि मादी फुलंही. पण नर फुलं आधी उमलतात नि झडून जातात. मादी फुलं तयार होतात मागाहून. एका घरात राहून भेट नाही. तुमचा मुलगा तर दुसऱ्या गावात. गणपती बुद्धी देतो आजी, रजा देत नाही."

आमच्या घरात एवढी माणसं, एवढे नवस. पण मूल व्हायला नवरा घरी असावा लागतो, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यात मीही आलेच. सासूबाई वाटेतल्या प्रत्येक माडाच्या शेंड्याकडे मान वर करून बघत चालल्या. घराच्या बेड्यापाशी, फाटक लोटताना म्हणाल्या, "मेला शाणा हाय."

गणपतीत हे आले. तपासणीचं नाव काढताच म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "मग दाखवायला भीती कसली?" तो गणपती आम्ही आरतीपुरते एकमेकांशी बोललो. पण मी हटले नाही. शेवटी हे पायरी चढले, तात्यांचं ते वाक्य ऐकलं आणि बाकावर बसलेच. एवढा धीट माणूस त्यांनी मुंबईतही पाहिला नव्हता.

निकाल आला तो यांच्याकडेच बोट दाखवणारा. बीज कमकुवत. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तात्या घरी आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "ते वाक्य पहिल्यांदा बोलायला मला महिना लागला. तू सावकाश बोल. पण बायकोला आजच बोल." हे उठून स्वयंपाकघरात आले. तिथं काय बोलले ते मी कुणाला सांगणार नाही. त्या रात्री सासूबाईंनी भावाचा विषय काढला, तेव्हा यांनीच तो बंद केला, कायमचा.

डॉक्टरबाई मुंबईला जाऊन नवी पद्धत शिकून आल्या होत्या. नवऱ्याचं बीज स्वच्छ करून, नेमक्या दिवशी, बारीक नळीनं आत सोडायचं. त्या दिवसांत टेस्ट ट्यूब बेबीच्या बातम्या पेपरात येत. सासूबाई घाबरल्या. "माझा नातू बरणीत नको."

"बरणी नाही हो आई. सगळं पोटातच. फक्त वाट जवळची केलीय."

नेमका दिवस कळावा म्हणून मी रोज उठल्याबरोबर तोंडात थर्मामीटर धरी. दिवस जवळ आला की तात्या गोदीत तार करत, ‘आजी अत्यवस्थ, ताबडतोब निघा’. पहिल्या तारेला साहेबानं यांच्या पाठीवर हात ठेवला आणि रजा दिली. पुढच्याही तारेला दिली. त्यानंतर विचारलं, "तुम्हाला आज्या आहेत तरी किती?"

दर वेळी आशा लागे आणि दर वेळी पाळी येई. एकदा तशीच दवाखान्यातल्या खाटेवर पडले होते. डॉक्टरबाई उशाशी बसल्या होत्या. मी विचारलं, "तात्यांवर ही नवी पद्धत चालली नसती का?"

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "त्यांच्यात दोष नाही गं. माझ्यातही सापडला नाही. आमच्या वेळी जेवढं तपासता येत होतं तेवढं तपासलं, उत्तर आलं नाही. ते म्हणाले, उत्तर नाही म्हटलं की लोक बाईकडेच बघतात. मग माझं नाव लावून टाकू."

मी घरी आले आणि ठरवलं, आणखी एकदा. यांनीही काही ठरवलं होतं. पुढच्या तारेला हे आले ते पत्र्याची ट्रंक घेऊनच. गोदी सोडली, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागले. एका घरात राहू लागलो. आमची मुलगी त्यानंतरची.

बारशाला तात्या आले नाहीत. ते कुणाच्याच बारशाला जात नसत. सायकलवरून एक कोंब फुटलेला नारळ मात्र आला, कुठं लावायचा त्याच्या हुकुमासकट. दवाखान्यातल्या प्रत्येक मुलामागे असा एक माड कुणा ना कुणाच्या परसात होता आणि रविवारी तात्या ते तपासायला निघत. येऊन विचारत, "पानं किती आली? भुंगा नाही ना?" मुलीबद्दल चकार शब्द नाही. मी माडाचं सांगत राही आणि तात्यांचे डोळे सगळा वेळ अंगणात रांगणाऱ्या पोरीवर.

दोन वर्षांनी आमच्या माडाचा शेंडा गेंड्या भुंग्यानं खाल्ला. माड वाळला. रविवारी सायकलची घंटा वाजली तशी मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

तात्यांनी वाळलेल्या माडाकडे पाहिलं. कोयतीनं शेंडा हलवला, तो हातात आला. सायकलचं हँडल परत धरत म्हणाले, "गेला. म्हणजे रविवारचं इकडचं काम आता संपलं."

ओटीवरून हे उठले. बाक पुढे ओढला.

"दोष माझ्यात," हे म्हणाले. "भुंगा दिसला होता, औषध घालायचं राहिलं. बसा, चहा घेणार?"

तात्या उभेच होते. सासूबाईंनी पोरीला कडेवरून उतरवलं आणि म्हणाल्या, "माड मेला तर मेला. पोर हाय ना? दर रविवारी यायचा."

तात्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मी साखर किती ते न विचारता दोन चमचे घातली. कप हातात घेऊन ते बसले, घसा खाकरला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं,

"पोर कशी आहे?"