बाथरूममधला नेचा

"कुंडी सांभाळणं म्हणजे माझ्या हातचा मळ!" जावईबापूंनी छाती फुगवून सांगितलं आणि सासूबाईंचा लाडका नेचा घरी आणला. सासूबाई महिनाभर लेकाकडे जाणार होत्या. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून जावयाबद्दल एक चांगला शब्द निघाला नव्हता. तो आता काढायचाच, असा जावईबापूंचा पण होता.

"त्यापेक्षा बाथरूमचा गळका नळ बघा," बायको म्हणाली. "भिंत चिंब झालीय."

"उद्या!"

हा 'उद्या' गेल्या वर्षीपासून यायचा होता.

एके सकाळी पाणी घालताना जावईबापूंनी सहज एक पान उलटलं. खाली तपकिरी ठिपके! तेही ओळीनं, कवायतीला उभे राहिल्यासारखे!

"कीड!" ते ओरडले. कुंडी बाथरूममध्ये नेली, हाताला लागला तो टूथब्रश घेतला आणि एकेक पान खरवडून काढलं. तपकिरी धूळ अशी उडाली की शिंकून शिंकून त्यांचं नाक लाल झालं. पण नेचा कसा लख्ख झाला!

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, पानांखाली ठिपके आले का हो?"

"होते... म्हणजे, आहेत की!"

"हातसुद्धा लावू नका! नेच्याला ना फूल, ना बी. त्या ठिपक्यांतल्या धुळीतूनच त्याची पिल्लं होतात. जगात पहिलं फूल उमलायच्या कितीतरी आधीपासून असंच चाललंय त्याचं! दोन वर्षं वाट बघतेय मी."

ती दुपार जावईबापूंनी डिंकाची बाटली, आगकाडी आणि कॉफीची पूड घेऊन काढली. ठिपक्याशेजारी ठिपका!

"हे काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"वंशवृद्धी!"

सासूबाई परतल्या, ठिपके पाहून हरखल्या. वास घेऊन जरा थबकल्या, पण पूड ओल्या मातीवर पेरलीच. रोज पाणी शिंपडलं. उगवली ती बुरशी, पांढरी आणि गुबगुबीत!

"माझ्या हातालाच यश नाही," म्हणून त्यांनी डोळे पुसले, तेव्हा जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इकडे बायको करवादली, "भिंत हिरवी पडली! आता तरी नळाचं बघा!" निदान तेवढं तरी पुण्य पदरात पडावं, म्हणून त्यांनी प्लंबरला बोलावलं. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई आल्या, हात धुवायला आत गेल्या आणि किंचाळल्या.

सगळे धावले. गळक्या नळामागच्या भिंतीवर नखाहून बारक्या, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या हिरव्या चकत्या, आणि त्यांतून डोकं वर काढणारी इवली इवली पानं!

"नेचा!" सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "हा इथे कसा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जावईबापूंनी ब्रश, धूळ, कॉफी, सगळं ओकून टाकलं.

"ब्रश कुणाचा होता?" बायकोनं विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही.

सासूबाई प्लंबरला म्हणाल्या, "तुम्ही जा. ओल गेली तर पिल्लं मरतील." आणि जावयाकडे वळल्या. "बापू, तुमच्या आळसाचं कौतुक करावं तेवढं थोडं!"

आठ वर्षांनी मिळाला एकदाचा चांगला शब्द! हल्ली जावईबापू आंघोळीला शेजाऱ्यांकडे जातात. साबणाचा फेस पिल्लांना सोसत नाही म्हणे.