पाहुण्याने मोडलेला नान

त्या रविवारी सोबीर-ओतांच्या, म्हणजे सोबीरबाबांच्या घरी मुलीला मागणी घालायला पाहुण्या यायच्या होत्या, आणि घरात आधीच एक पाहुणा होता.

हा पाहुणा म्हणजे चिली देशातला रेनातो. ओतांचा मुलगा बोतीर ताश्कंदच्या भूकंप नोंदणी केंद्रात कामाला, आणि रेनातो तिथे अदलाबदलीवर आलेला. पुढच्या वर्षी बोतीर त्याच्याकडे जायचा होता. केंद्राने त्याला हॉटेल ठरवून दिलं होतं; पण हॉटेलचं नाव काढताच ओता असे काही बिघडले, की रेनातोची बॅग विमानतळावरून सरळ त्यांच्या अंगणात येऊन पडली.

"मी रेनातोला बाजारात फिरवून आणतो," सकाळी बोतीर म्हणाला. "तुमची बोलणी निवांत होऊ देत."

"पाहुण्याला घराबाहेर काढतोस?" ओता कडाडले. "तो इथेच बसेल. वर, मानाच्या जागी!"

"अहो बाबा, नसिबाच्या लग्नाची बोलणी. तो कशाला त्यात?"

"मी सांगते कशाला," आतून नसिबा आली. "परक्या माणसापुढे घरचं कसं बोलायचं, असं म्हणून टोलवायचंय यांना. आज टोलवलंत ना, तर मी तुमच्याशी बोलायचीच नाही."

"एरवी काय बोलतेस? भांडतेसच की!"

नसिबा दातांची डॉक्टर. शुहरत नावाच्या जनावरांच्या डॉक्टरशी तिचं कधीच जमलं होतं. अडलं होतं ते बापाच्या होकारावर. शुहरतची मावशी हलीमा-खाला वर्षभर खेटे घालत होती. कधी ओतांची दाढ ठणकायची, कधी घराला रंग लागायचा, एकदा तर टरबुजांचा हंगाम आडवा आला. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बायको गेल्यापासून सकाळचा चहा नसिबाच्या हातचा, आणि त्या चहावरचं भांडणही तिच्याशीच. ती गेल्यावर आपलं काय, हे ओतांना मनातसुद्धा आणवत नव्हतं. पण या वेळी खालाने निरोपच धाडला होता: आजचं शेवटचं, मग शुहरतची आई दुसरीकडे बघणार.

दुपारी खाला आणि शुहरतची आई आल्या. त्यांनी सोबत आणलेले दोन गरम गोल नान जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध ठेवले. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने ते मोडले की लग्न ठरलं, जसेच्या तसे परत गेले की नकार. तोवर त्यांना कोणी बोटही लावायचं नाही, हे ताश्कंदातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रेनातोला कळत नव्हतं. बोतीरने त्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं की नानाला सुरी लावायची नाही, हाताने मोडून सगळ्यांपुढे ठेवायचा. आणि शिकवलेलं विसरणाऱ्यांतला रेनातो नव्हता.

हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, आणि मग सगळे गप्प झाले. तेवढ्यात बोतीरचा फोन वाजला. कुठेतरी डोंगरात जमीन जराशी हलली होती. तो बोलायला अंगणात गेला, आणि आतून खालाची आरोळी आली, "मुबारक! मुबारक!"

बोतीर धावत आत आला. प्रत्येकापुढे नानाचे तुकडे मांडलेले होते. शुहरतची आई दुवा मागत होती, खाला डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपत होती, आणि ओता लालबुंद झाले होते.

"याने मोडला!" ओता ओरडले. "हा काय मुलीचा काका लागतो?"

"मानाच्या जागी कुणी बसवलं त्याला? आम्ही?" खाला म्हणाली.

"पण तो परदेशी आहे!"

"असू दे. द्या नान पुन्हा जोडून, आल्या पावली परत जातो आम्ही."

ओतांचा चढलेला आवाज ऐकून रेनातोचा चेहरा उतरला. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला उमगलं. तो लगबगीने आत गेला, घरून आणलेला मिठाईचा डबा घेऊन आला, आणि छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून, माफी म्हणून त्याने तो आधी खालापुढे धरला.

"अरे नको!" बोतीर म्हणाला. पण खालाने एक तुकडा स्वतःच्या आणि एक शुहरतच्या आईच्या तोंडात घातलासुद्धा.

"घ्या, तोंडही गोड झालं! आता तारीख. सफरचंदं उतरली की धरू या?" तिने थेट रेनातोलाच विचारलं.

रेनातोला उझबेकी भाषेतलं 'बरं' फार छान म्हणता येत असे.

"बरं," तो म्हणाला.

दाराआड नसिबा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता ती रडायला कधी लागली, हे तिचं तिलाही कळलं नाही. ओता ताडकन उठून अंगणात निघून गेले.

पाहुण्या गेल्यावर बोतीरने रेनातोला झाला प्रकार इंग्रजीत समजावला. तो पांढराफटक पडला.

"तुझी चूक नाही रे," बोतीर म्हणाला. "मीच सांगायला हवं होतं."

"पण मी विचारलं होतं."

"कुणाला?"

"तुझ्या वडिलांना. सगळे गप्प, नानाला कुणी हात लावेना. मी तो उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं, मोडू का म्हणून. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली."

"कशी हलवली?"

रेनातोने हलवून दाखवली. नाही म्हणायला लोक मान हलवतात तशी ती मुळीच नव्हती.

बोतीर अंगणात आला. द्राक्षवेलीखालच्या चौथऱ्यावर ओता घराकडे पाठ करून बसले होते.

"कुठून पैदा केलास हा माणूस!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "काही बोलला का तो?"

बोतीरने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ एवढी वाकलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

"नाही, बाबा. काही नाही."

"गुणी पोरगा आहे," ओता पुटपुटले आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन येणारी नसिबा दिसली, तसा त्यांनी आवाज पुन्हा चढवला. "परत नानाला हात लावू देऊ नका त्याला! मुलगी घालवली माझी!"