तांडेलाचे पांढरे डोळे

शिवराम तांडेल दोन्ही डोळ्यांनी आंधळा, पण रोज सकाळी अंगणात बसून सूर्याकडे टक लावायचा. पापणी हलायची नाही. डोळे पांढरेफटक, उकडलेल्या अंड्यासारखे. नवा पेपरवाला एकदा त्याला बघून सायकल टाकून पळाला.

रत्नागिरीत खाडीच्या बाजूला आमची घरं लागून. बायको गेल्यावर मी दार लावून पडून असायचो. हा काठीने दार बडवायचा.

"मेल्या, भायेर ये! डोळ्यांत ऊन घे!"

"तुला काय दिसतं त्यात?"

"बघायला कोण बसलाय? मी दिवस आत घेतो."

मी समोर उभा राहिलो की म्हणायचा, "बाजूला हो, उजेड अडवलास." अंगावर काटा यायचा. आणि त्याची झोप, भूक, सगळं कोंबड्यासारखं वेळेवर.

मग मुंबईहून मुलगा आला. सोबत चार वर्षांची नात. आजोबाचे डोळे बघून पोर अशी किंचाळली की घरात पाय ठेवीना. मुलगा म्हणाला, "बाबा, काढून काचेचे बसवू. नाहीतरी मेलेलेच आहेत."

डॉक्टरकडे मीही गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, "मेलेले नाहीत. दिसत नसलं तरी उजेड मेंदूत पोचतो. त्यावर शरीराचं घड्याळ चालतं. काढलेत तर झोप भलत्या वेळी येईल."

रिक्षात मी म्हटलं, "खुळा की काय? नको काढू."

त्याने काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला, "नात कडेवर येत नाय रे माझ्या."

काढले. नवे डोळे तपकिरी, चकचकीत. कुठेच बघत नाहीत आणि पाठ मात्र सोडत नाहीत. संध्याकाळी कावळे परतले की तोंड धुऊन हा मला हाक मारतो, "उजाडला काय रे?"

"नाय. मावळतोय."

मग तसाच बसून राहतो.

मे महिन्यात नात आली. लांबून बघितलं, जवळ आली, चढली मांडीवर. हा माशाची गोष्ट सांगायला लागला आणि भर दुपारी, गोष्टीच्या मध्येच, मान टाकली. पापण्या अर्ध्या उघड्या, आत काच चमकतेय. मला बघवेना.

पोरीने दोन बोटांनी हळूच त्या पापण्या मिटल्या.

बायकोच्या मी अशाच मिटल्या होत्या. फरक एवढाच, तांडेल घोरत होता.