वजनाची अंतर्गत बदली

नालवाडीच्या मेघाचं वजन जिथं यायला हवं होतं तिथं येऊन थांबलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

बाळंतपणात अंगावर चढलेलं तिनं हळूहळू उतरवलं होतं. शिलाई मशीन सांभाळून, सासूचे गुडघे सांभाळून, लेक सुजूला कडेवर घेऊन. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "झालं. विहिरीला पाणी लागलं की खोदणारा थांबतो. तुम्हीही थांबा आता. डाएट बंद. रोज अर्धी भाकर जास्त खा आणि पंधरा दिवस वाट पाहा. काटा हलला नाही तर आणखी थोडं खा. चढायला लागला तर तेवढंच मागे घ्या. चालणं मात्र सोडू नका, उतरलेलं वजन चालण्यानंच टिकतं."

सल्ला साधा होता. पण मेघा एकटी बारीक झाली नव्हती; ती 'सुडौल अभियाना'त बारीक झाली होती.

हे अभियान नेमकं कोणाचं होतं, हे त्यात काम करणाऱ्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्याला एक भाड्याचं सभागृह होतं, एक जीप होती, एक ॲप होतं आणि मधुकरराव नावाचे समन्वयक होते. मधुकररावांचं पोट टेबलाच्या अलीकडे मावत नसे, म्हणून टेबल पुढे सरकवून घेतलं होतं. कर्मचाऱ्यांचं वजन अभियानाच्या कक्षेत येत नाही, असा आदेशच होता. ते वजन कामाच्या ताणाचं धरलं जाई.

सगळ्यात जास्त घटली म्हणून मेघाचा फोटो चौकातल्या फलकावर लागला. डावीकडे जुनी मेघा, उजवीकडे नवी, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मेघाताई घटल्या, चला, आपणही घटूया!' तिचा नवरा नागसेन केळझरच्या शाळेत मास्तर. रोज त्या फलकाखालून जाताना तो गाडी जरा हळू करायचा. डाव्या मेघाकडे पाहायचा. ती मनापासून हसत होती; उजवी फोटोपुरती.

मेघानं हे सगळं मनावर घेतलं नसतं. पण घरात एक वेगळीच गोष्ट घडत होती.

सुजू नुकतीच बोलायला लागली होती. आईनं ताट पुढे ढकललं की तीही ढकलायची. आईनं "नको" म्हणून हात आडवा केला की तिचा इवलासा हात तसाच आडवा व्हायचा. एका सकाळी ती काट्यावर उभी राहिली, खाली वाकून आकड्यांकडे पाहिलं, तिला एकही आकडा वाचता येत नव्हता, आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकून म्हणाली, "अरे बापरे!"

सगळे हसले. सासू धुरपताबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मेघा, पोरगी खाऊन नाई राह्यली वो."

"सध्या दात येऊन राह्यलेत आई, म्हणून."

"दात नाई येऊन राह्यले. तू येऊन राह्यली तिच्यात. तू जेवलीस की जेवते का नाई, पाह्यजो."

मेघानं त्याच दिवशी पाहिलं. एका ताटात भाकर कुस्करली, वर तुरीचं वरण ओतलं, एक घास स्वतः खाल्ला आणि एक पुढे केला. सुजूनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईचं तोंड खरंच हलतंय याची खात्री केली आणि मग चिमणीच्या पिल्लासारखा आ केला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली अर्धी भाकर दोघींत अशी जिरू लागली. सुजूचे गाल भरले आणि मेघाचा काटा जागचा हलला नाही. एखाद्या साध्या देशात गोष्ट इथं संपली असती.

अभियानाच्या ॲपला दर सोमवारी वजन कळवावं लागे. त्यात दोनच बटणं होती: 'घटले' आणि 'वाढले'. वजन जसंच्या तसं राहू शकतं, ही शक्यता ॲप बनवताना कोणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण ती कोणी पाहिलीच नव्हती. मेघानं प्रामाणिकपणे कोणतंच बटण दाबलं नाही. काही सोमवार असेच गेले. मग अंगणवाडीच्या पंचफुलाबाई पदर सावरत घरी आल्या.

"काय वो मेघा, तू मेली म्हणे."

"काय?"

"मोबाईल सांगून राह्यला. 'सुजाता नागसेन, आई मयत.' मले तं वाईट वाटलं बाई. चहा ठेव."

मेघा अभियानाच्या सभागृहात गेली. मधुकररावांनी तिला खुर्ची दिली, कारण मृत लाभार्थी प्रत्यक्ष येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ताई, यात सिस्टीमची चूक नाई," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "जिवंत माणसाच्या वजनात काही ना काही फरक पडतोच. फरक नाई म्हणजे माणूस नाई."

"पण साहेब, मी तुमच्यासमोर बसली आहे."

"ते मले दिसते. ॲपले नाई दिसत."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन टिकवा."

"टिकवायचं आमच्याकडे हेडच नाई ना ताई! घटवायचं आहे, त्याले निधी आहे. टिकवायले काऊन कोणी निधी देईन?"

"मग मला अभियानातून बाहेर काढा."

मधुकररावांना खरंच दुःख झालं. "घटून राह्यलेला माणूस बाहेर पडू शकते. न घटलेला तं आपोआप पडते. पण तुम्ही आदर्श आहात. आदर्शाले राजीनामा नसते ताई. चौकात फोटो आहे तुमचा."

शेवटी त्यांनी मार्ग सुचवला. एका सोमवारी 'वाढले' दाबायचं, पुढच्या सोमवारी 'घटले'. कागदावर माणूस जिवंतही राहतो आणि जागच्या जागीही राहतो. मेघानं घरी येऊन 'वाढले' दाबलं. तिला पुढचा सोमवार मिळालाच नाही. आदर्श लाभार्थी वाढली की ॲपमधून आपोआप घंटा वाजते आणि पुनर्घट पथक निघतं.

पथक जेवणाच्या वेळेलाच आलं. प्रमुख रीता मॅडम, सोबत जीपचा ड्रायव्हर गजेंद्र. रीता मॅडमच्या हातात छोटा तराजू होता. मायलेकी एका ताटात जेवायला बसल्या होत्या.

"देखो ताई, घाबरायचं काही कारण नाई," रीता मॅडम खाली बसल्या. "फक्त चौकशी. व्यायाम काय करता?"

"सुजूला कडेवर घेऊन अंगणवाडीत जाते. येताना भाजी आणते. पाणी भरते. मशीनवर..."

"ते घरकाम झालं. व्यायाम सांगा."

"पाय तर तेच असतात ना मॅडम?"

"पाय तेच असतात, हेतू वेगळा असतो. ज्यानं काही काम होत नाई, त्याले व्यायाम म्हणतात. उद्यापासून रिकाम्या हातानं चाला. पोरगी घेऊन चाललं तर ते मोजता येत नाई."

मग त्यांनी मेघाच्या पुढ्यातली अर्धी भाकर उचलून तराजूत ठेवली आणि 'अतिरिक्त' असा शेरा मारून ती जप्त केली. जप्त केलेला माल तिथंच नष्ट करावा, असा नियम होता. सोबत वांग्याचं भरीत असल्यानं नष्ट करायला वेळ लागला नाही. गजेंद्रनं पुरावा पूर्ण नष्ट व्हावा म्हणून आणखी एक भाकर मागून घेतली.

"भरताले सांबार मस्त घातला बाप्पा," बोटाला लागलेली कोथिंबीर चाटत तो म्हणाला.

धुरपताबाईंनी भाकर वाढली. दारातला पाहुणा, मग तो पथकाचा का असेना, उपाशी जात नाही. पण वाढताना त्या म्हणाल्या, "खाय बावा. आमच्या घरी आता बाहेरचेच जेवतात."

हे सगळं चाललं असताना सुजू आईकडे पाहत होती. आई खात नव्हती. सुजूनं तोंड मिटलं.

पथक मग रोज दोन्ही वेळच्या जेवणाला येऊ लागलं. त्यांच्यासमोर मेघा तोंड हलवत नसे आणि मेघा तोंड हलवत नसे म्हणून सुजू तोंड उघडत नसे. पथक जाईस्तोवर सुजू पेंगलेली असे आणि तिच्या ताटात वरण-भात तसाच उरलेला असे. अन्न टाकू नये. मेघा ओट्यापाशी उभ्यानं ते संपवी, एका हातानं भांडी गोळा करत, भिंतीकडे तोंड करून. लेकराच्या ताटातलं उरलेलं आईनं खाल्लं तर ते कोणी खाण्यात धरत नाही. पथकानं धरलं नाही. मेघानंही धरलं नाही. काट्यानं तेवढं धरलं. मेघा थोडी वाढली आणि सुजू तितकीच उतरली.

आता पंचफुलाबाई खरोखरच रडवेल्या झाल्या. "मेघा, हे लेकरू असं काऊन झालं वो? आता मले हिचं नाव वाढीच्या यादीत टाकावं लागते."

वाढ शाखा आणि घट शाखा एकाच सभागृहात बसत. मध्ये एक कपाट होतं. कपाटाच्या पलीकडे बंडूजी लेकरांची वजनं वाढवत, अलीकडे मधुकरराव आयांची घटवत. आजवर दोघांचा संबंध फक्त दुपारच्या डब्यापुरता होता. मेघा सुजूला घेऊन आली तेव्हा पहिल्यांदाच कपाट बाजूला सरकवावं लागलं.

"साहेब, ही माझ्यासोबतच जेवते," मेघा म्हणाली. "मी खाल्लं तर खाते. मला फक्त जेवू द्या. दुसरं काही नको."

बंडूजी कळवळले. "मधुकरराव, बाईले जेवू द्या ना. माझा आकडा खाली जाऊन राह्यला."

"अन् माझा वर जाईन त्याचं?"

दोघांनीही बराच वेळ विचार केला. मग बंडूजींनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"मधुकरराव, आईचं वाढलं किती?"

"अर्धा किलो."

"पोरीचं उतरलं किती?"

"अर्धा किलो."

"मग गेलं कुठं? कुठंच नाई! घरातल्या घरात बदली झाली. अंतर्गत बदली! एकूण वजन जागच्या जागी आहे."

मधुकरराव उठून उभे राहिले. टेबलही थोडं उठलं. वजन टिकवण्याचं जे शास्त्र मोठमोठ्यांना साधलं नाही, ते नालवाडीतल्या एका घरानं साधलं होतं, फक्त कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथल्या तिथे 'कुटुंब' हे मोजमापाचं एकक ठरलं. ॲपमध्ये तिसरं बटण आलं: 'स्थिर कुटुंब'. अंगणवाडीच्या मोबाईलात अजून मयत असलेली मेघा जिवंत झाली आणि तिचा सत्कारही ठरला.

"पण सुजू जेवत नाही," मेघा म्हणाली.

"ताई," मधुकरराव प्रेमानं म्हणाले, "आता एकट्या सुजूचं पाहायचं नसते. एकूण पाहायचं."

सत्काराला सभागृह भरून गेलं. अभियानातल्या सगळ्या बाया आल्या होत्या, त्यांचे नवरे आले होते, आणि बाहेर आलुबोंडे तळले जात होते. मंचावर मेघा, तिच्या खुर्चीला खेटून छोट्या खुर्चीत सुजू, शेजारी प्रमुख पाहुणे. खाली पहिल्या रांगेत नागसेन आणि धुरपताबाई.

कार्यक्रमाचं आकर्षण होतं नकाराचं प्रात्यक्षिक. आपल्याकडे लोक भुकेनं वाढत नाहीत, आग्रहानं वाढतात, हे मधुकररावांनी प्रास्ताविकात सांगितलं. प्रमुख पाहुणे आता मेघाताईंना तुपात भिजलेली पुरणपोळी भरवू पाहतील आणि ताई हसतमुखानं, हात जोडून नाही म्हणतील. सगळ्यांनी नीट पाहून शिकावं.

पाहुण्यांनी पोळीचा तुकडा मोडला. तूप त्यांच्या मनगटापर्यंत ओघळलं. "घ्या ताई, एवढा एक घास. माझ्यासाठी."

मेघानं हात जोडायला उचलले आणि बाजूला पाहिलं. सुजूनं आधीच हात जोडले होते. छान, सरळ, बोटाला बोट लावून. गळ्याची हाडं दिसत होती. चेहऱ्यावर फलकावरच्या मेघाचं हसू होतं, उजवीकडच्या मेघाचं.

खाली लोक म्हणाले, "अगं बाई, किती गोड!"

मेघानं हात खाली घेतले. पाहुण्यांच्या हातातला घास तोंडात घेतला. मग ताटली त्यांच्या हातातून काढून मांडीवर ठेवली आणि दुसरा घास स्वतः मोडला. पाहुणे ओशाळून मनगट पुसू लागले.

"ताई, नाई म्हणा. नाई म्हणा ना!" मधुकरराव कडेनं कुजबुजले. समोरचा माइक चालू होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. मेघा शांतपणे, नीट चावून, तोंडभर खात राहिली. हनुवटीवर तूप आलं. ते तिनं पुसलं नाही.

"ताईचा ताबा सुटला!" मागून कोणीतरी ओरडलं. निम्म्या सभागृहाचे मोबाईल वर झाले होते.

तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी फिरला. आर्वीला गेला, आष्टीला गेला, नागपूरला गेला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. 'आदर्श ताईंचं डाएट पाहा' असं वर लिहिलेलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे दोन-तीन पिवळे चेहरे खाली टाकून तुम्ही तो पुढे पाठवला असेल. सगळ्यांनीच पाठवला, त्यात तुमचा एकट्याचा काय दोष. व्हिडिओ मेघाच्या हनुवटीवरच्या तुपापाशी थांबतो. त्याच्या लगेच पुढे सुजूनं जोडलेले हात सोडले, आईच्या हलत्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, "मले?" असं विचारलं आणि आ केला.

तेवढं कापलंय. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, मग तुम्ही तरी तो कशाला पुढे पाठवला असता?